जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन घरी खोलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: 1960च्या दशकातली गाडी, पुढे दोन्ही बाजूंना वर-खाली दोन आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारे दांडे) आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. खड्ड्यातून जाताना पुढून ‘टक्’ आवाज येतो, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते आणि टायर आतल्या बाजूने झिजतायत. बुश (आर्मच्या टोकातली लवचिक नळी), बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा), टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचा सांधा) असं पूर्ण किट आणून ठेवलंय. हे काम घरी जमेल का, स्प्रिंग कशी काढायची आणि रबरी बुश बसवावेत की पॉलियुरेथेनचे?

जमेल. पण किटची पिशवी अजून फोडू नका. आधी वही आणि मेजरिंग टेप घ्या.

गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही चाकांच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. हे चार आकडे पुढे दोनदा लागणार आहेत. डाव्या-उजव्यात 10 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एक स्प्रिंग थकून खाली बसलेली असू शकते आणि मग गाडी एका बाजूला ओढण्याचं कारण कदाचित बुशमध्ये नसेलच. फरक मागच्या चाकांनाही दिसत असेल तर मागची बाजूसुद्धा तपासा. मागची एक पाटा-स्प्रिंग बसली की कर्णरेषेवरचा पुढचा कोपरा वर उचलल्यासारखा होतो आणि लोक उगाच पुढे खोलत बसतात.

त्यानंतर प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिला खेळ, शोधा. पुढची बाजू जॅकवर घेऊन चाक 12 आणि 6 वाजता धरून हलवा, मग 9 आणि 3 वाजता. आडव्या पकडीत खेळ जाणवला तर बहुतेक टाय रॉड एंड किंवा स्टीअरिंग बॉक्स. उभ्या पकडीत जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन (काही जुन्या गाड्यांत चाक ज्यावर वळतं ती उभी खीळ). इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर वजन खालच्या बॉल जॉइंटवर असतं. चाक नुसतं लोंबत ठेवलं की स्प्रिंगच तो जॉइंट ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावा आणि मग चाकाखाली पहार घालून हलकं उचलून बघा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असलेल्या गाड्यांमध्ये हे उलटं होतं.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की किटमधलं सगळं बदलायलाच हवं असं नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा मूळ बॉल जॉइंट घट्ट असेल आणि रबरी बूट (त्यावरचं आवरण) शाबूत असेल, तर तो आजच्या बऱ्याच बदली जॉइंटपेक्षा चांगला निघतो. मी एकदा किटमध्ये आला म्हणून नवा जॉइंट बसवला. वर्षाच्या आत त्याचं बूट फाटलं आणि शेवटी डब्यात ठेवलेला जुनाच परत चढवला. तेव्हापासून काढलेला एकही भाग मी सहा महिने फेकत नाही.

आता मुख्य नियम, आणि यावर मी अजिबात तडजोड करत नाही: एका वेळी एकच बाजू खोला. उजवी बाजू पूर्ण जोडून झाल्याशिवाय डावीला हात लावू नका. वॉशर कुठल्या बाजूला होता, बोल्ट पुढून घातलेला की मागून, अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंकची वाटी उलटी की सुलटी, हे फोटोत नेमकं सावलीत जातं. न खोललेली बाजू मात्र समोर असते, आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी, एवढंच ध्यानात ठेवायचं. वरच्या आर्मच्या मागे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) असतील तर पुढच्या बोल्टच्या वेगळ्या आणि मागच्या बोल्टच्या वेगळ्या तारेत ओवून चिठ्ठी बांधा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) त्या पातळ पत्र्यांवर ठरलेले असतात. एक शिम इकडची तिकडे झाली की गाडी ओढायला लागते आणि मग दोष नव्या बुशांना मिळतो.

गाडी स्टँडवर घेताना स्टँड चॅसीच्या मजबूत भागाखाली हवेत. विटा किंवा काँक्रीटचे ठोकळे नकोत. ते आधी सूचना देऊन मोडत नाहीत, एकदम फुटतात. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. ब्रेकचा कॅलिपर काढला तर तारेने वर टांगा, होजवर (ब्रेकच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका. ब्रेकच्या ड्रम किंवा पॅडवरची धूळ हवेने उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

स्प्रिंगची तुम्हाला भीती वाटते ते बरंच आहे. ढोबळ हिशेब करू. स्प्रिंगवर 600 किलोचा भार आहे आणि ती तिच्या मोकळ्या लांबीपेक्षा 12 सेंटीमीटर दाबलेली आहे असं धरलं, तर तिच्यात साठलेली ऊर्जा 36 किलोचं पोतं एक मीटर उचलण्याइतकी होते. स्प्रिंगचं स्वतःचं वजन जेमतेम चार किलो. ही सगळी ऊर्जा तिला एकदम मिळाली तर ती ताशी 45 ते 50 किलोमीटर वेगाने सुटेल, आणि तेव्हा तुमचं डोकं तिथून दोन फुटांवर असतं. म्हणून चाकाच्या बाजूला समोर बसून नट सोडायचा नाही. गाडीच्या पुढे किंवा मागे राहायचं.

माझी पद्धत अशी. शॉकॲब्झॉर्बर आणि अँटी-रोल बारची लिंक आधी मोकळी करतो. टाय रॉड एंड सोडवतो. मग ट्रॉली जॅक खालच्या आर्मखाली, स्प्रिंगच्या वाटीच्या बाहेरच्या अंगाला घेऊन भार उचलेपर्यंत वर करतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून जाड साखळी ओवून ती चॅसीभोवती घेतो, थोडी सैल, पण स्प्रिंग बाहेर उडी मारू शकणार नाही इतपतच. बॉल जॉइंटचा नट सोडतो पण तीन-चार आटे राखून तिथेच ठेवतो. टेपर, म्हणजे जॉइंटचा निमुळता दांडा, सुटला की आर्म नटावर अडकतो आणि मला श्वास घ्यायला वेळ मिळतो. जॅक पुन्हा किंचित वर करून नट पूर्ण काढायचा आणि मग जॅक अगदी सावकाश खाली. आर्म वर्तुळाकार खाली येतो, त्यामुळे जॅकला चाकांवर सरकता आलं पाहिजे. जॅकखाली माती किंवा खडी असेल तर तो तिथेच रुतेल आणि आर्म त्याच्यावरून घसरेल.

इंजिन बाहेर काढलेलं असेल तर हा मार्ग बंद. पुढे वजनच नसल्यामुळे जॅक स्प्रिंग दाबायच्या ऐवजी गाडीच स्टँडवरून उचलतो. अशा वेळी चांगला आतून बसणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा. खालची वाटी बोल्टने बसवलेली असेल, जशी एमजीबी या गाडीत असते, तर समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्या जागी पूर्ण आट्यांचे लांब, उच्च ताणाचे रॉड घाला, उरलेले बोल्ट काढा आणि दोन्ही नट आलटून-पालटून सोडत वाटी समांतर खाली आणा. वेळ लागतो, पण माझ्या मते घरच्या कामासाठी यापेक्षा शांत पद्धत नाही.

टेपर सोडवायला दोन दातांचा काटा ठोकण्याची सवय असेल तर एवढंच लक्षात ठेवा की तो रबरी बूट फाडणारच. भाग परत वापरायचा असेल तर दोन हातोडे घ्या. ज्या डोळ्यात टेपर बसलाय त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि बरोबर समोरून दुसऱ्याने एक कडक ठोका द्या. डोळा क्षणभर अंडाकृती होतो आणि टेपर ‘टण्’ करून सुटतो. दहा हळू ठोक्यांचा काही उपयोग नाही. आट्यांच्या टोकावर मात्र कधीही मारू नका.

सगळ्या गाड्यांना बॉल जॉइंट नसतात. किंग पिन असतील तर नवे बुश ठोकल्यावर रीमरने (भोक तासणाऱ्या हत्याराने) मापात आणावे लागतात. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत येण्यासाठी रीमरला पायलट (त्याला सरळ धरणारा दांडा) लागतो आणि तो घरी सहसा नसतो. एवढं एक काम मशीन शॉपला द्या, त्यात कमीपणा नाही. मॉरिस मायनरला कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असतात. ते वापराने एका दिशेने पीळ धरतात, त्यामुळे डाव्या-उजव्याची अदलाबदल चालत नाही. ट्रायम्फ हेराल्ड आणि तिच्या भावंडांमध्ये खाली पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या ठोकळ्यात, आट्यांवर फिरणारा पोलादी दांडा असतो. तिथे कंपनीने ग्रीस नाही, ईपी 90 गिअर ऑइल सांगितलेलं होतं. वर्षानुवर्षं ग्रीस भरलं की ते आत घट्ट होतं, ओलावा राहतो, दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी वळताना तुटून चाक आडवं होतं. ग्रीस भरायचा निपल दिसला की ग्रीस गन लावायची, ही सवय इथे महागात पडते.

आता सुटे केलेले भाग. रॉकेलने स्वच्छ धुऊन, वायर ब्रशने घासून, उजेडात बघा. स्टब अ‍ॅक्सलवर (चाक ज्यावर फिरतं त्या आखूड दांड्यावर) आतलं बेअरिंग जिथे टेकतं त्या कोपऱ्यात तडा शोधा. तडा रंगाने दाखवणारा डाय पेनेट्रंटचा स्प्रे उत्तम. नसेल तर जुनी युक्ती आहे: भाग रॉकेलमध्ये भिजवा, अगदी कोरडा पुसा, त्यावर खडूची पूड चोळा आणि थोडा वेळ थांबा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर बारीक काळसर रेघ काढतं. अशी रेघ दिसली तर तो भाग भंगारात जातो. वेल्डिंग करून तो वाचवायचा नाही. खालचे आर्म सपाट काचेवर ठेवून वाकलेत का तेही बघा.

रंगाबद्दल दोन गोष्टी. पावडर कोटिंग छान दिसतं, पण बुशचं भोक, टेपर आणि बोल्टच्या डोक्याखालची जागा झाकून घ्या. जाड थराखाली कसलेला बोल्ट थर दबला की सैल होतो. आणि स्प्रिंगला क्रोम किंवा झिंक प्लेटिंग करू नका. उच्च ताणाच्या पोलादात प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होते. साधा रंग पुरे. स्प्रिंगला गॅसची आच देऊन गाडी खाली बसवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या गाडीतही बसत नाही.

बुश काढणं हेच खरं अंगमेहनतीचं काम. पोलादी कवचाचा जुना बुश गंजून आर्मशी एकजीव झालेला असतो. जाळून रबर काढता येतं, पण धूर फार वाईट आणि आर्मही तापतो. मी रबरातून ड्रिलने एकमेकांना लागून भोकं पाडतो, मधली नळी ढकलून काढतो, मग हॅक्सॉचं पातं आतून घालून बाहेरच्या कवचाला लांबीच्या दिशेने एक चिरा देतो. आर्मला पातं लागायच्या आत थांबायचं. छिन्नीने चिऱ्याची कड आत दुमडली की कवच निघतं. नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि व्हाइसमध्ये दोन सॉकेटच्या मध्ये धरून दाबा: एक सॉकेट बुशच्या कवचाएवढा, दुसरा बुश आत जाईल एवढा मोठा. दाब फक्त बाहेरच्या कवचावर आला पाहिजे. आर्मला दोन कान असतील तर दाबताना ते एकमेकांकडे वाकतात. त्यांच्यामध्ये नेमक्या मापाचा पाइपचा तुकडा अडकवा. हे विसरलात तर आर्म चॅसीच्या कंसात जाणारच नाही, आणि मग तो पहारीने फाकवायचा मोह होतो.

रबर की पॉलियुरेथेन? रोज किंवा आठवड्याला फिरवायची गाडी असेल तर माझं मत रबर. मूळ गाडी रबर धरूनच बेतलेली असते. पॉली टिकतं आणि हाताने बसतं हे खरं, पण बारीक हादरे वर येऊ देतं आणि वंगण कमी पडलं की करकरतं. त्याला सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीसच लावा. रबरी बुश बसवताना मात्र साबणाचं पाणी वापरा; साधं ग्रीस रबर फुगवतं. आर्मला पुढून-मागून धरणारा टाय बार असेल तर त्याच्या टोकाला कडक पॉली मी तरी घालत नाही. तो बार वर-खाली होताना कोनात हलतो. बुश लवचिक नसेल तर ते वाकणं बारच्या आट्यांवर येतं आणि थकवा येऊन बार तिथेच तुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात मी स्वतः फसलो आहे. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. आतली नळी बोल्टने कंसात आवळली जाते, बाहेरचं कवच आर्मला धरून असतं आणि मधलं रबर पीळ सहन करतं. आर्म 30 सेंटीमीटर लांब असेल आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा 8 सेंटीमीटर खाली लोंबत असेल, तर आर्म सुमारे 15 अंश खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट कसले, की गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुशमध्ये 15 अंशांचा कायमचा पीळ बसतो. माझ्या पहिल्या कामात मी असंच केलं. गाडी स्टँडवर, हात सहज पोचत होता, सगळे बोल्ट टॉर्क पान्याने व्यवस्थित कसले, मनात समाधान. गाडी खाली घेतली तर पुढून जवळजवळ इंचभर उंच. मला वाटलं स्प्रिंग बसायला वेळ लागेल. पाच महिन्यांनी खालच्या बुशांचं रबर कवचापासून सुटून बाहेर आलं होतं.

म्हणून आर्मचे आतले बोल्ट फक्त हलके लावून ठेवा. चाकं चढवा, गाडी खाली घ्या, पुढचा बंपर दोन-चार वेळा दाबा, गाडी काही फूट पुढे-मागे ढकला. मग मघाशी लिहिलेले आकडे काढा. उंची जुळत असेल तर आता त्याच अवस्थेत, चाकांवर वजन असताना, बोल्ट कसा. खाली शिरायला जागा नसेल तर चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या भक्कम रुंद फळ्या किंवा रॅम्प घ्या. खड्डा किंवा रॅम्प नसेल तर खालच्या आर्मखाली जॅक घेऊन चाकाचं केंद्र आणि मडगार्ड यांतलं अंतर नोंदलेल्या आकड्याइतकं करा आणि तिथे कसा. पॉली बुश आपल्या नळीवर फिरतो, त्याला हे लागू नाही. जो बोल्ट कसताना फिरताना दिसतो, तिथे नट कसा, बोल्टचं डोकं धरून ठेवा.

बाकी जोडणी पटकन सांगतो. टेपर कोरडे आणि स्वच्छ, त्यावर ग्रीस नको. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) ठरलेल्या टॉर्कपर्यंत कसून भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत कसायचा, मागे सोडायचा नाही. स्प्लिट पिन नेहमी नवी. बोल्ट स्टेनलेस घेऊ नका. नेहमीचा ए2-70 स्टेनलेस 700 मेगापास्कलचा असतो, साधा 8.8 ग्रेड 800 चा, आणि वाकायला लागण्याच्या मर्यादेत फरक आणखी मोठा आहे. शॉकॲब्झॉर्बर आडवा पडून राहिला असेल तर उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, म्हणजे आतली हवा वर जाते. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत बसलंय का ते जॅक वर करतानाच आरशाने बघा, नंतर फिरवता येत नाही. व्हील बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद बाजूने दाबा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत.

टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या कडेला किती आत वळलेली आहेत ते, घरी दोरीने बऱ्यापैकी नेमका येतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना हब-केंद्राच्या उंचीवर मासेमारीची दोरी ताणून स्टँडला बांधा. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) सारखा नसतो हे विसरू नका. दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवी, मागच्या टायरला चिकटवलेली नको. स्टीअरिंग सरळ बांधून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. बहुतेक जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना एकूण दीड ते तीन मिलिमीटर टो-इन असतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा. कॅम्बर सपाट जमिनीवर ओळंब्याने कळतो. कॅस्टरसाठी मात्र अलाइनमेंटच्या यंत्रावर जावं लागेल, आणि तिथपर्यंत गाडी सुरक्षित चालत जाण्याइतकं घरच्या दोरीने जमतं.

पहिल्या फेरीआधी ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबून घट्ट झालंय ना बघा. कॅलिपर हलवल्यावर पहिला दाब रिकामा जातो. पाच किलोमीटर हळू जा, थांबून हबला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त कसलंय किंवा ब्रेक घासतोय. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि चारही उंच्या परत लिहा. स्प्रिंग नवी असेल तर काही मिलिमीटर बसलेली दिसेल.

किती दिवस लागतील? सुट्या दिवशी एक बाजू, असे दोन दिवस. आणि गंजलेल्या बोल्टसाठी तिसरा. तो बहुतेक वेळा खालच्या आर्मचा मागचा बोल्ट असतो, म्हणून आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी त्यावर पेनेट्रेटिंग ऑइल मारत राहा.